गळावर टिकेल ते

तळ्याकाठी चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बसलेल्या आईबापांचा वेळ कशात जातो हे कोणी नीट पाहिलं, तर मासे पकडण्यात तो फार थोडा जातो असं दिसेल. बराचसा जातो गळाला पुन्हापुन्हा आमिष लावण्यात. लाल-पांढरा बॉबर, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता गोळा, पाण्यावर दोनदा थरथरतो, पोरगं काठी उचलतं, दोरा वर येतो आणि गळ स्वच्छ रिकामा. ‘बाबा, परत लाव ना.’ बाबा लावतो. बॉबर पुन्हा थरथरतो. दोन मुलं असली की बाबाची स्वतःची काठी गाडीच्या डिकीतून बाहेरच येत नाही, आणि तासाभरात मुलांचं लक्ष बदकांकडे गेलेलं असतं.

आमिषाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक माशाला काय आवडतं याबद्दल असतं. मोठ्या माणसांपुरतं ते ठीक आहे. लहान मुलं बरोबर असली की प्रश्न उलट्या बाजूने विचारावा असं माझं मत आहे. मासा काय खाईल हे नंतर बघू. गळावर टिकेल काय, ते आधी सांगा. अमेरिकेतल्या तळ्यांमधल्या ज्या माशांवर मुलांचा हात बसतो, त्यांच्या बाबतीत तरी हा क्रम चुकत नाही. त्याचं कारण त्या माशांच्या तोंडात आणि त्यांच्या भुकेत आहे.

या माशांना तिकडे सरसकट ‘पॅनफिश’ म्हणतात. तव्यात अख्खा मावेल एवढाच मासा, इतका साधा अर्थ. त्यात ब्लूगिल येतो, पंपकिनसीड येतो, रेडइअर, क्रॅपी, यलो पर्च येतात. या सगळ्यांत मुलांचा मासा म्हणजे ब्लूगिल. तळहाताएवढा, बाजूंनी चपटा, कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका, आणि विणीच्या दिवसांत नराची छाती केशरी. इलिनॉयचा तो राज्यमासा आहे. न्यू जर्सीतल्या काउंटी पार्कांच्या तळ्यांपासून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या क्वारी लेक्सपर्यंत, म्हणजे जिथे जिथे मराठी घरं दाटीने आहेत तिथल्या पाण्यात, तो बहुतेक ठिकाणी सापडतो. काठावरून दहा-बारा फुटांवर दोरा टाकला तरी पुरतं. होडी लागत नाही आणि पहाटे उठावं लागत नाही.

हा मासा किती चिवट आणि किती खादाड, याची साक्ष जपान देईल. १९६० साली तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. खाण्याचा मासा म्हणून तो वाढवता येईल या हेतूने त्यांनी ते संशोधन संस्थेकडे सोपवले. पुढे ते बिवा सरोवरासह देशभर पसरले आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्लं फस्त करू लागले. २००७ मध्ये सम्राटांनी जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपण ज्याच्यासाठी आमिष निवडतो आहोत तो मासा असा आहे. नखऱ्यांबद्दल त्याची ख्याती नाही.

मग तो गळ चुकवून आमिष कसं नेतो? ब्लूगिल भक्ष्याला चावत नाही, शोषतो. आमिषासमोर तो आधी जागच्या जागी तरंगत थांबतो, निरखतो, आणि मग तोंडाची पोकळी एकदम फुगवतो. आत निर्माण झालेल्या ओढीने पाणी आत घुसतं आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याआधी संपलेलं असतं. या ओढीचा पल्ला मात्र अगदी तोकडा असतो, साधारण त्याच्या उघडलेल्या तोंडाच्या रुंदीएवढाच. आणि तळहाताएवढ्या ब्लूगिलचं तोंड म्हणजे जेमतेम करंगळीचं टोक जाईल इतकं. गळाला पाच सेंटिमीटरचं गांडूळ लोंबत असेल तर तो लोंबणारं टोक शोषतो, खेचतो, तोडतो. गळ त्याच्या तोंडाजवळसुद्धा येत नाही. वर बसलेल्या मुलाला फक्त बॉबर थरथरलेला दिसतो. न आवडलेली गोष्ट तो तितक्याच झटक्यात बाहेरही थुंकतो. मोठ्या माणसाचा हातसुद्धा त्या वेगाला नेहमी पुरा पडत नाही, तिथे चार वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षा करायची?

त्याच्या भुकेचं गणितही तपासून झालेलं आहे. अर्ल वर्नर आणि डोनाल्ड हॉल या दोघांनी १९७४ मध्ये ब्लूगिलवर केलेला प्रयोग परिसरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेलेला आहे. पाण्यात लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराचे पाणपिसू सोडून हे मासे काय उचलतात ते त्यांनी पाहिलं. खाणं मुबलक असलं की ब्लूगिल मोठे पाणपिसू निवडून खातो. खाणं विरळ झालं की समोर येईल ते, आकार न पाहता, खातो. आता मुलांना घेऊन आपण जातो ती तळी आठवा. उद्यानातलं छोटं तळं, मोठे शिकारी मासे कमी, लहान ब्लूगिल प्रचंड. अशा पाण्यात त्यांची वाढच खुंटते, सगळे एका मापाचे आणि सगळे उपाशी. अलाबामातल्या ऑबर्नला होमर स्विंगल यांनी शेततळ्यांत बास हा शिकारी मासा आणि ब्लूगिल एकत्र सोडण्याचा जो अभ्यास केला तो याचसाठी होता: बासने ब्लूगिलची संख्या आटोक्यात ठेवली नाही, तर तळं बोटभर माशांनी भरून जातं. असा उपाशी मासा चवीचा विचार करत बसत नाही. म्हणून चवीसाठी पैसे आणि काळजी खर्च करण्यापेक्षा टिकाऊपणाकडे बघावं.

आता गांडुळं. दुकानात फोमच्या डब्यात मातीबरोबर मिळतात ती जाडजूड ‘नाइटक्रॉलर’. रात्री बिळातून वर येतात म्हणून हे नाव. उत्तर अमेरिकेत विकली जाणारी बहुतेक नाइटक्रॉलर दक्षिण ऑन्टारिओतल्या शेतांमधून येतात. मजूर रात्री डोक्याला दिवा बांधून, वाकून, हातांनी ती वेचतात. अख्खं नाइटक्रॉलर ब्लूगिलसाठी फार मोठं. त्याचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, आणि तो गळाला अडकवायचा नाही तर ओवायचा. गळाचं टोक तुकड्याच्या एका तोंडातून घालून आतून सरकवत न्यायचं, गळाची दांडी झाकली गेली पाहिजे, आणि टोकाशी लोंबणारा भाग नखाएवढासुद्धा ठेवायचा नाही. हे एवढं केलं तरी एका तुकड्यावर दोन-तीन मासे निघतात. गळ ‘ॲबर्डीन’ पद्धतीचा, म्हणजे बारीक तारेचा आणि लांब दांडीचा घ्यावा. त्यावर ओवणं सोपं जातं आणि माशाच्या तोंडातून काढणंही. माप ८ किंवा १०. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला सांगायलाच हवं.

दुसरी जात ‘रेड विगलर’. लहान, लालसर, वळवळी. महाराष्ट्रात गांडूळखताच्या बेडमध्ये जी ‘आयसेनिया फेटिडा’ वापरतात तीच ही. त्यामुळे घरी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्यांना आमिष विकत घ्यावंच लागत नाही. ही गांडुळं अख्खी लावता येतात, आणि बारीक असल्याने तोंडात गळासकट जातात.

गांडूळ घट्ट करण्याची विद्या जुनी आहे. आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या १६५३ सालच्या इंग्रजी पुस्तकात गांडुळं काही दिवस ओल्या शेवाळात ठेवायला सांगितलं आहे. शेवाळात त्यांच्या पोटातली माती निघून जाते, अंग आवळतं, आणि ती गळावर जास्त तग धरतात. बागकामाच्या दुकानात मिळणारं स्फॅग्नम शेवाळ ओलं करून, पिळून, डब्यात भरलं तर आजही हे करता येतं. मुलांना हे काम फार आवडतं. मासे पकडण्यापेक्षाही कधीकधी जास्त.

दुकानातल्या फ्रिजमध्ये गांडुळांशेजारी छोट्या गोल डब्यांत भुशातल्या अळ्या असतात, आणि नवखा माणूस हमखास ‘वॅक्सवर्म’ उचलतो, कारण ब्लूगिलला त्या आवडतात असं सगळे सांगतात. आवडतात हे खरं. ही म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण पोखरणाऱ्या पतंगाची अळी. महाबळेश्वरकडचे मधपाळ जिला मेणकिडा म्हणून ओळखतात आणि जिच्यामुळे दुबळ्या वसाहतीचं पोळं जाळ्यांनी भरून जातं. चरबीने भरलेली, गुबगुबीत, पातळ कातडीची. गळ घुसला की आतलं बाहेर येतं, आणि तोच वास माशाला ओढतो. पण एकदा टोचलेली अळी म्हणजे रिकामी पिशवी. दुसऱ्या झटक्याला ती गेलेली असते. लहान मुलांसाठी मी वॅक्सवर्मला नापास करतो.

शेजारच्या डब्यातल्या ‘मीलवर्म’ चांगल्या. साठवणीच्या पिठात-धान्यात होणाऱ्या एका काळ्या भुंगेऱ्याची ही अळी. अंगावर कडक, तकतकीत कवच. डोक्यामागच्या टणक वेढ्यांतून गळ घातला तर ती बराच वेळ टिकते. त्याहून चिवट माशीच्या अळ्या. इंग्लंडमधले गळकरी शतकानुशतकं त्याच वापरतात. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे पकडणारे त्यांना ‘स्पाइक’ म्हणतात, आणि त्या लाल-निळ्या रंगवूनही मिळतात. मागच्या बोथट टोकाच्या कातडीला नुसता निसटता टाका घातल्यासारखा गळ लावला, तर एका अळीवर चार-पाच मासे निघून ती अजून वळवळत असते. अडचण एवढीच की माशीची अळी म्हटल्यावर काही आयांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला टिकाऊपणाचा युक्तिवाद पुरत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत रातकिडे तारेच्या पिंजऱ्यात विकत मिळतात. मजा म्हणून एकदा न्यावेत. पिंजऱ्याचं झाकण मुलाच्या हातात गेलं की त्यांचं आमिष होत नाही, त्यांची सुटका होते.

जिवंत काही टोचायचं नाही असं ज्या घरी ठरलेलं असतं तिथे गाडी स्वयंपाकघराकडे वळते. मका हा पहिला विचार, आणि बरा विचार. डब्यातला गोड मका मऊ असतो, चटकन फुटतो. गोठवलेला जरा बरा. सुका मका रात्रभर भिजवून, दाणा फुटणार नाही इतपत उकडला तर त्याचं साल चामड्यासारखं राहतं. गळ त्या सालातूनच घालायचा. पाण्यात मूठभर मका फेकून मासे गोळा करायला काही राज्यांत बंदी आहे, एवढं फलक वाचून पाहावं. ब्रेडची गोळी कामाची नाही. पाण्यात पडल्यावर तिचा लगदा होतो.

कणकेचं मात्र वेगळं आहे. उजनीच्या काठावर चिलापीसाठी किंवा गावतळ्यावर पोरं कणकेचा गोळा लावतात, आणि जाणती माणसं त्यात कापसाचे धागे मळतात. धाग्यांमुळे गोळा धरून राहतो, पाण्यात विरघळत नाही. वॉल्टननेही हेच सांगितलं आहे: पिठाच्या गोळ्यात लोकर किंवा कापूस घाला, म्हणजे तो गळावरून धुऊन जाणार नाही. दोघांनी एकमेकांचं कधी ऐकलं असण्याचा संभव नाही. अडचण सारखी, म्हणून तोडगा सारखा. घट्ट मळलेली कणीक, त्यात पिंजलेल्या कापसाची चिमूट आणि वासासाठी थोडं चीज. वाटाण्यापेक्षा लहान गोळी करून गळाच्या टोकावर दाबून बसवायची. उन्हाळ्यात मुक्कामाला आलेल्या आजोबांना हे सांगायला लागत नाही. तेच नातवाला सांगतात.

जे मांसाहारी आहेत त्यांना सगळ्यात टिकाऊ नैसर्गिक आमिष किराणा दुकानात मिळतं, पण तिकडे त्यांची नजर जात नाही: माकूळ. कोकणात समुद्रावर गरवायला जाणाऱ्यांना ते माहीत आहे. माकुळाच्या अंगाची भिंत म्हणजे स्नायूंचे थर आणि त्यांना आतून-बाहेरून वेढणारी कोलॅजनच्या चिवट तंतूंची आवरणं. म्हणूनच जास्त शिजवलं की ते रबर होतं, आणि म्हणूनच कच्चं असताना ब्लूगिलच्या ओढीला दाद देत नाही. गोठवलेल्या माकुळाची नळी कापून उघडायची, आगपेटीच्या काडीएवढ्या पट्ट्या कापायच्या, मिठात घोळवून डबीत ठेवायच्या. समुद्रातला प्राणी गोड्या पाण्यातल्या माशाला कसा चालेल, ही शंका माणसाची आहे. माशाला पडत नाही. एक पट्टी गळात दोनदा टोचून लावली की मूल कंटाळून घरी निघेपर्यंत ती तिथेच असते, असं मी म्हटलं तर त्यात थोडीच अतिशयोक्ती आहे.

मिठाचं काम इथे चवीचं नाही. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, उरतात ते तंतू एकमेकांना चिकटतात, आणि मऊ मांस आवळून घट्ट होतं. आपल्याकडे खारवलेल्या माशाचा तुकडा ताज्याइतका सहज तुटत नाही, त्याचं हेच कारण. कोंबडीच्या छातीचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा कोळंबी रात्रभर जाड मिठात ठेवली तर त्यांचंही असंच होतं. कच्ची कोळंबी तशीच लावली तर ब्लूगिल ती दोन खेपांत सोलून नेतो. खारवल्यावर झगडावं लागतं. हॉट डॉगचे तुकडे अमेरिकन घरांत लोकप्रिय आहेत. तेही आधी थोडे परतून पृष्ठभाग कडक केला तरच बरे. खारवलेलं आमिष हाताळल्यावर मुलांचे हात धुवायला पाणी जवळ ठेवा. डोळ्यात मीठ गेलं की सहल संपते.

एवढं सगळं कशाला, प्लास्टिकचं गांडूळ घ्या ना, असं दुकानातला तरुण म्हणेल. त्याच्या म्हणण्याला मोठा इतिहास आहे. ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम आणि त्यांच्या पत्नीने घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचं गांडूळ घडवलं, आणि अमेरिकेतल्या गळाच्या मासेमारीचा चेहरा बदलला. पुढे आयोवातल्या बर्कली कंपनीने प्लास्टिकमध्ये चव आणि वास मिसळून ‘पॉवरबेट’ आणलं. ही कंपनी १९३७ मध्ये शाळकरी वयातल्या बर्कली बेडेलने काढलेली. हा मुलगा नंतर आयोवातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेला. त्याच कंपनीचं ‘गल्प’ हे प्लास्टिक नाही. ते पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचं, वास झिरपत राहणारं आमिष आहे, आणि त्याच्या छोट्या अळ्या ब्लूगिलसाठी मापात बसतात.

टिकाऊपणात साध्या प्लास्टिकचा हात कोणी धरणार नाही. प्रश्न वेगळा आहे. बेचव प्लास्टिक तोंडात घेतल्यावर मासा ते लगेच थुंकतो. मोठा माणूस तेवढ्यात काठी खेचतो. मुलाचा हात तेवढ्यात नाकाशी असतो. आमिष तासभर टिकलं आणि मासा एकही लागला नाही, तर त्या टिकण्याला काय करायचं? मुलांसाठी मऊ प्लास्टिक वापरायचं तर वासाचं घ्यावं. गल्पची गोष्ट आणखी अशी की काठी तळ्याकाठी टेकवून सँडविच खायला बसलात तर उन्हात ते गळावरच वाळून दगड होतं आणि मग चाकूने खरवडावं लागतं. झेड-मॅन कंपनीचं ‘इलॅझटेक’ नावाचं रबरासारखं ताणलं जाणारं आमिष तर इतकं चिवट की एक तुकडा कित्येक माशांना पुरतो. पण ते साध्या प्लास्टिकच्या आमिषाबरोबर एका डबीत ठेवू नका. दोन्ही एकमेकांत वितळून जी राड होते ती पाहिल्यावर रसायनशास्त्राची वेगळी शिकवणी लागत नाही.

माझी शिफारस नैसर्गिक आमिष आणि प्लास्टिक या दोन्हींच्या मधली आहे. छोट्या जिगवर, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळावर, सेंटिमीटरभर ताणता येणारं प्लास्टिक चढवावं आणि गळाच्या टोकाला त्याच्या पुढे माकुळाचा किंवा गांडुळाचा कण टोचावा. कण आहे तोवर मासा तोंडात धरून ठेवतो. कण गेला तरी गळ रिकामा होत नाही. मुलाने काठी वर उचलून पाहिली तर तिथे अजून ‘काहीतरी’ असतं, आणि ते पाहून ते स्वतःच पुन्हा पाण्यात टाकतं. आपल्याला हाक येत नाही.

टिकाऊ आमिषाची एक वाईट बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. आमिष सुटत नाही म्हणजे मुलाचं लक्ष नसतानाही मासा त्याच्याशी झोंबत राहतो, आणि शेवटी गळ गिळतो. घशात खोल गेलेला गळ चिमट्याने उपसून काढायचा मोह होतो. कॅनडातल्या संशोधकांनी ब्लूगिलवरच हे तपासलं आहे: गळ उपसलेल्या माशांपेक्षा दोरा तोंडाजवळ कापून सोडलेले मासे जास्त जगले, आणि त्यांतल्या बऱ्याच माशांनी पुढच्या काही दिवसांत गळ आपोआप टाकूनही दिला. म्हणून छोटी कात्री खिशात असावी. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. माशासाठीही आणि मुलाच्या बोटासाठीही. बिनकाट्याच्या गळावर मऊ आमिष आणखी लवकर निसटतं, इथे पुन्हा चिवट आमिषच उपयोगी पडतं. बॉबर शक्य तितका लहान घ्या. सफरचंदाएवढा बॉबर बुडवायला ब्लूगिलच्या अंगात बळ नसतं, त्यामुळे तो आमिष नेतो आणि आपल्याला कळतही नाही.

शिशाच्या गोळ्यांबद्दल दोन वाक्यं. दोऱ्यावर चिमटवायच्या त्या बारीक गोळ्या दातांनी दाबायची सवय मोठ्यांना असते आणि मुलं तीच उचलतात. शिसं मुलांच्या तोंडात जाण्यासारखी गोष्ट नाही. तळाशी पडलेल्या गोळ्या खडे समजून गिळणारे लून पक्षी त्याने मरतात, म्हणून न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क या राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध घातले आहेत. कथलाच्या गोळ्या सगळीकडे मिळतात.

परवान्याचं आधी बघून घ्यावं. बहुतेक राज्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, पण बापाने ‘जरा दाखवतो’ म्हणून काठी हातात घेऊन दोरा टाकला की तो मासेमारी करतो आहे असं धरलं जाऊ शकतं. जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारच्या आसपास बरीच राज्यं बिनपरवान्याचे दिवस ठेवतात. तेव्हाच पाणी २० अंश सेल्सिअसच्या घरात पोचलेलं असतं, ब्लूगिल काठाजवळ येऊन तळाच्या वाळूत ताटाएवढे गोल खळगे करतात, आणि नर त्यांवर पहारा देत असतो. त्या दिवसांत तो जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. आमिषाची चर्चा व्यर्थ ठरते. मोठे नर मात्र घरी नेऊ नयेत. पहारेकरी गेला की अंडी जातात आणि त्या तळ्यातल्या माशांचं मापच हळूहळू लहान होतं. मिनेसोटाने याच कारणासाठी काही तळ्यांवर दिवसाला पाच किंवा दहाच सनफिश (ब्लूगिल याच कुळातला) नेण्याची मर्यादा घातली आहे.

सगळं ऐकून कोणी विचारेल, म्हणजे गांडुळं नकोतच का? नेहमी असं नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल असेल आणि त्याला स्वतः ओवायचं असेल तर गांडूळच न्यावं, कारण त्या वयात आमिष लावणं हाच खेळाचा निम्मा भाग असतो. रिकाम्या गळाचा त्याला त्रास होत नाही. तीन ते सहा वर्षांच्या, स्वतः लावू न शकणाऱ्या मुलांसाठी मी माकूळ सांगतो. शाकाहारी घरासाठी कापसाची कणीक.

उरलेलं नीट ठेवायला हवं. नाइटक्रॉलर आणि मीलवर्म फ्रिजमध्ये आठवडे काढतात. वॅक्सवर्म घेतल्याच असतील तर त्या फ्रिजच्या थंडीत काळ्या पडून मरतात, त्यांना जरा उबदार कोपरा लागतो. खारवलेलं माकूळ फ्रीजरमध्ये, डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून. दह्याच्या विरजणाशेजारी बिननावाची डबी ठेवण्याचे परिणाम प्रत्येक घराने आपापले शोधावेत. उरलेली गांडुळं मात्र ‘जा बाळा, सुखी राहा’ म्हणून झाडाखाली सोडू नयेत. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण शेतकऱ्याचा मित्र म्हणूनच आपण गांडूळ शिकलेलो असतो. पण मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या भागांत हिमयुगातल्या बर्फाखाली गेलेल्या जमिनीत मूळची गांडुळं नव्हतीच. तिथली जंगलं पानांच्या जाड, सावकाश कुजणाऱ्या थरावर उभी आहेत. युरोपातून आलेली गांडुळं तो थर झपाट्याने संपवतात, आणि त्यात उगवणारी रानफुलं व झाडांची रोपं नाहीशी होतात. आशियातून आलेली, हातात सापासारखी उसळणारी गांडुळं त्याहून वाईट. उरलेला डबा झाकण लावून कचऱ्याच्या पेटीत टाकायचा, आणि चघळून फाटलेलं प्लास्टिकही पाण्यात न फेकता त्याच पेटीत.